एकच नग
सीमाभागातले लेथ, ओतशाळा आणि एका छोट्या स्पोर्ट्‌स कारचा हिशेब

जुनी स्पोर्ट्‌स कार कुठे दगा देते, असं विचारलं तर बहुतेक लोक इंजिनाकडे बोट दाखवतील. ट्रायम्फ स्पिटफायर दगा देते ती पुढच्या चाकाच्या बुडाशी. तिथे मुठीत मावेल एवढा ब्राँझचा ठोकळा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी दांड्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात, तो दांडा या ठोकळ्यात बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की त्या आट्यांवरच फिरतो. एका बाजूचे आटे सरळ, दुसऱ्या बाजूचे उलटे. यात गिअरचं जाड तेल भरायचं, ग्रीस नाही, असं कंपनीचं सांगणं. आपल्याकडे निपल दिसलं की ग्रीसगन लावायची सवय. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पावसाचं पाणी मात्र पोचतं. दांडा आतल्या आत गंजतो आणि एक दिवस खड्ड्यात तुटतो. चाक आडवं पडतं, गाडी रस्त्यावर बसते.

हा ठोकळा इंग्लंडहून मागवता येतो. पण गाडी काकतीत उभी असेल तर आधी आसपास बघावं. काकती बेळगावच्या उत्तरेला, पुणे-बेंगळुरू महामार्गावर. गावाची ओळख कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर म्हणून. या लेखापुरती ओळख वेगळी आहे. गावाच्या दक्षिणेला बेळगावचं उद्यमबाग. उत्तरेला होनग्याची औद्योगिक वसाहत, मग भुतरामहट्टी, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट, निपाणी, कागल आणि शेवटी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या या पट्ट्यात बीड ओतणारे, ब्राँझ ओतणारे, पॅटर्न करणारे, क्रँक घासणारे, बोअर मारणारे आणि आटे पाडणारे जेवढे हात आहेत, तेवढे देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील. ट्रनियनसारखा ठोकळा करणं या हातांना अवघड नाही. अवघड आहे ती दुसरीच गोष्ट: हा ठोकळा एकच हवा असतो.

मद्रासची हेराल्ड आणि तिची चुलत बहीण

इंग्लंडातल्या स्पोर्ट्‌स कारचा सीमाभागाशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मद्रासमार्गे येतं.

स्वातंत्र्यापूर्वी अशा गाड्या संस्थानिकांच्या, साहेबांच्या आणि मुंबईतल्या मोजक्या धनिकांच्या. तरुण जे. आर. डी. टाटा मुंबईत बुगाटी पळवत, आणि त्या भरधाव गाडीने ओढवून आणलेल्या खटल्यासाठी ज्या वकिलाकडे गेले त्याच्याच पुतणीशी, थेल्माशी, त्यांचं १९३० साली लग्न झालं, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर दार बंद होत गेलं. नुसत्या सुट्या भागांची जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने सांगितलं, की भाग इथेच बनवा नाहीतर जा. मुंबईत १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ पर्यंत निघून गेली, फोर्डही गेली. उरले तीन मोठे कारखाने. कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली मुंबईची प्रीमियर, आणि मद्रासची स्टँडर्ड. तिघांच्याही यादीत स्पोर्ट्‌स कार नव्हती.

पण स्टँडर्डच्या यादीत १९६१ पासून हेराल्ड होती. मूळ ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली आली, तीही एका अडचणीतून. बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला, त्यामुळे अख्खी बॉडी एकसंध दाबून घेण्याची सोय गेली. मग कंपनीने जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली आणि बॉडी तुकड्यातुकड्यांत करून बोल्टांनी जोडली. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने आकार दिला. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं सगळं उघडं होतं. ही तुकड्यांची गाडी पेटीत भरून पाठवायला आणि छोट्या कारखान्यात जुळवायला सोपी, म्हणून ती मद्रासला सहज रुजली.

१९६२ साली याच चासीचा कणा आखूड करून, तोच पुढचा सांगाडा आणि त्याच घराण्यातलं ११४७ सीसीचं इंजिन वापरून ट्रायम्फने दोन सीटांची उघडी स्पिटफायर काढली. आकार पुन्हा मिकेलोत्तीचा. १९६५ च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिने आपल्या गटात पहिला आणि दुसरा क्रमांक काढला. १९८० पर्यंत अशा तीन लाखांवर गाड्या बनल्या. आपल्याकडे त्या बोटावर मोजण्याइतक्या आल्या, पण त्यांची चुलत बहीण हजारोंनी धावली. डॉक्टर, वकील, प्राध्यापकांच्या दारात हेराल्ड असे, पुढे तिचीच गझेल झाली. म्हणून स्पिटफायरचे पुढचे सांधे, ब्रेक, गिअरबॉक्सचे कितीतरी भाग भारतातल्या जुन्या मेस्त्रींच्या हाताखालून गेलेले आहेत. त्यांनी स्पोर्ट्‌स कार म्हणून स्पिटफायर पाहिलेली नसेल, पण ट्रनियन बदललेलं असतं.

मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर हौशी लोक शर्यती करत, तेव्हा हेराल्ड आणि फियाट हाच कच्चा माल होता. आहे त्या घरगुती गाडीचं हेड घासून दाब वाढवायचा, वजन उतरवायचं, कार्बोरेटर बदलायचा. भारतीय स्पोर्ट्‌स कारचा खरा इतिहास शोरूममध्ये कमी आणि अशा गॅरेजांमध्ये जास्त घडला.

सायकल दुकानापासून विमानाच्या भागांपर्यंत

या पट्ट्यातल्या हातांचा इतिहास त्याहून जुना आहे. गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईची शिकवण्याची नोकरी सोडून बेळगावला आले आणि भावाच्या साथीने त्यांनी सायकलींचं दुकान काढलं. किर्लोस्कर कंपनी आपला जन्म १८८८ पासून मोजते. सायकली विकणारा माणूस त्या दुरुस्तही करतो, आणि दुरुस्त करणारा एक दिवस स्वतः काही बनवू लागतो. कडबा कापण्याचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन नासते, या समजापायी तो नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. पुढे शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधच्या संस्थानिकांनी बोलावलं आणि १९१० साली कुंडलरोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने कारखाना घालवला, पण काम करणारी परंपरा घालवली नाही. कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींसारख्यांनी ऑइल इंजिनं घडवून शेतीच्या पंपांना लावली. त्या इंजिनांची दुरुस्ती करता करता उद्यमनगरातल्या गल्ल्या भरत गेल्या.

या सगळ्यांची सुरुवात एकाच नगापासून झाली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. शेतकरी मोडलेलं इंजिन बैलगाडीतून आणायचा, त्या एका इंजिनाचा एक भाग करून द्यायचा. कॅटलॉग नाही, ड्रॉइंग नाही. मोडका तुकडा हेच ड्रॉइंग.

आज काकतीपासून उत्तरेला घाट ओलांडला की हत्तरगीला एक्वसची विमानभागांची विशेष औद्योगिक वसाहत लागते. तिथे संगणकावर चालणारी यंत्रं विमानांचे भाग कातून काढतात. बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्र्या मोटारींच्या कंपन्यांना हजारोंच्या संख्येने कास्टिंग पुरवतात. ही प्रगतीच आहे आणि तिच्यावर हजारो घरं चालतात. पण हजार नगांच्या हिशेबात एका नगाला जागा नसते. मटेरियलचा खर्च किरकोळ असतो, खरा वेळ जातो जॉब बांधण्यात: चकमध्ये पकडायचा, मध्य साधायचा, गिअर लावायचे, पहिला काप घेऊन मोजायचं. हजार नगांवर हा वेळ वाटला जातो, एका नगावर सगळा बसतो. म्हणून मुठीएवढ्या ठोकळ्याची मजुरी ऐकून गाडीमालक दचकतो, आणि मालकाने दचकून केलेली घासाघीस ऐकून टर्नर पुढच्या वेळी ‘वेळ नाही’ म्हणतो. गाड्या बंद पडण्याचं हे कारण गंजाइतकंच मोठं आहे.

आटे, सूत आणि एकशे सत्तावीस दात

एक नग करणाऱ्याला काय काय माहीत असावं लागतं, याचा अंदाज बाहेरून येत नाही. पॅटर्नचंच घ्या. मोडका बिडाचा भाग तसाच वाळूत दाबून साचा घेतला तर निघणारं कास्टिंग मूळ भागापेक्षा लहान येतं, कारण धातू थिजताना आकसतो. बीड साधारण शंभरात एक भाग, ॲल्युमिनियम आणि ब्राँझ त्याहून थोडं जास्त. म्हणून पॅटर्न करणारा लाकडावर मुळातच फुगवलेली मापं घेतो, त्यात कातायला लागणारी वाढ धरतो, आणि वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार ठेवतो. हे सगळं झाल्यावर तो भाग ‘अगदी होता तसा’ येतो.

आट्यांची कथा त्याहून गुंतागुंतीची. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं प्रमाण बसवलं, त्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आट्यांचा ६०. नजरेला फरक दिसत नाही, पण एकावर दुसरा जबरदस्तीने आवळला की दोन्ही जातात. एम.जी. टीसी या १९४५ ते १९४९ दरम्यान बनलेल्या, उंच तारांच्या चाकांच्या गाडीत तर याहून मोठी गंमत आहे. तिच्या १२५० सीसीच्या इंजिनाचे आटे मिलिमीटरचे, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची! इंजिन ज्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बनलं तो मुळात फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीचा. मॉरिसने तो १९२३ साली विकत घेतला. यंत्रं फ्रेंच मापांची, गिऱ्हाइकांच्या हातातले पाने इंग्रजी मापांचे. मालकाने दोघांनाही सांभाळलं, आणि भोगतो आहे तो आजचा मेकॅनिक. डोक्याला इंग्रजी पाना बसतो म्हणून तो आटेही इंग्रजी समजतो, आणि ब्लॉकमधलं भोक कायमचं खराब करतो.

अशा वेळी या पट्ट्यातली जुनी पिढी उपयोगी पडते. तिला सुताची भाषा येते. एक सूत म्हणजे अष्टमांश इंच, चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. बारीक माप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. बोअर वीस थाऊने वाढवायचा की चाळीसने, बेरिंगला दीड थाऊ ठेवायचे की दोन, ही भाषा अजून बोलली जाते. तिच्या जुन्या लेथचे लीडस्क्रू इंचांचे असतात. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर मध्ये घालावा लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि १२७ ही त्याची पाचपट. तो गिअर कपाटात शोधून काढणारा टर्नर भेटला की आपलं काम निम्मं झालं असं समजावं. नव्या यंत्रावर तेच काम दोन कळा दाबून होतं, पण कोणत्या कळा दाबायच्या हे सांगणाऱ्याला आधी आटे ओळखावे लागतात.

सागवान, कातडं आणि जे इथे होत नाही

एम.जी. टीसीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. मूळ लाकूड ॲश, लवचीक आणि चिवट, पण आपल्या पावसाळ्यात कुजणारं आणि वाळवीला आवडणारं. इथे ते मिळत नाही, आणि खानापूर-दांडेलीच्या जंगलांच्या शेजारी राहून ते शोधायचंही कारण नाही. सुतार सागवान घेतो. सागवान टिकतं, पण त्यात नैसर्गिक तेल असतं. सांधा चिकटवण्याआधी ते पुसून काढलं नाही तर सरस धरत नाही आणि दार काही महिन्यांत लोंबायला लागतं. शिवाय दाराचा सांगाडा एक सूत जरी हलला तरी पत्र्याची फट सगळीकडे वेगळी दिसते. म्हणून शहाणा माणूस आधी सांगाडा चासीवर नुसता बसवून, दारं लावून बघतो, मग पत्रा चढवतो. रंगाची घाई झालेला मालक हा क्रम उलटा करतो.

कातड्याचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत. चपलेसाठी झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं ते जाड कातडं सीटला कडक पडतं, तिथे मऊ कातडंच हवं. पण जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बॉनेटवरून जो पट्टा आवळलेला असतो, त्यासाठी याहून चांगलं काय असणार?

आणि काही गोष्टी इथे होत नाहीत, हेही मोकळेपणाने मान्य करावं. वाकडी काच, दिव्याची भिंगं, दारांची विशिष्ट आकाराची रबरं. लेथ आणि ओतशाळा इथे हतबल असतात. गोव्याची गोष्ट बघा. १९९८ साली आलेली सॅन स्टॉर्म ही दोन सीटांची, फायबरच्या बॉडीची भारतीय स्पोर्ट्‌स कार. आकार फ्रान्समधून आलेला, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं. गाडी नावापुरती वेगवान आणि संख्येने अगदी थोडी. फायबरची भेग बुजवणं सोपं, इंजिन साधं. पण थोड्या संख्येने बनलेल्या गाडीची पुढची काच एकदा तडकली की मालकाची खरी परीक्षा होते. पन्नास वर्षं जुनी, लाखोंनी बनलेली इंग्रजी गाडी सांभाळणं कित्येकदा पंचवीस वर्षांच्या दुर्मीळ देशी गाडीपेक्षा सोपं असतं. जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्याने वर्ष मोजण्याआधी किती बनल्या ते मोजावं, आणि इंजिन ऐकण्याआधी काचा बघाव्यात.

उसाचा रस टाकीत

या पट्ट्यातल्या गाडीमालकाची सगळ्यांत ताजी अडचण मात्र शेतातून आली आहे. संकेश्वर-निपाणी-कागलच्या रस्त्यावर गळितात उसाच्या ट्रॉल्यांमागे थांबावं लागतं, एवढाच पूर्वी उसाचा आणि गाडीचा संबंध होता. आता साखर कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलमधून थेट टाकीत येतं. २०२२ साली देशाने शंभरात दहा भाग इथेनॉलचा टप्पा गाठला आणि २०२५ साली वीस भागांचा. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९६० च्या दशकातला पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी नळ्या आणि बुचाची गॅसकिटं इथेनॉलसाठी केलेलीच नव्हती. ती फुगतात, मऊ होतात, त्यांचे कण कार्बोरेटरच्या जेटात अडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते.

दुसरा परिणाम सहज दिसत नाही. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा संगणक हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. जुना कार्बोरेटर मात्र जेटच्या भोकातून येईल तेवढंच देतो, म्हणून मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, प्लगचं टोक पांढरं पडतं. स्पिटफायरच्या एसयू कार्बोरेटरवर उपाय सोपा आहे: खालचा नट फिरवून जेट थोडा उतरवायचा, म्हणजे सुईभोवतीची वाट रुंद होते. हेराल्डच्या सोलेक्सला एक माप मोठा जेट घालायचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर, तिथली हवा विरळ, त्यामुळे फरक थोडा झाकला जातो. तीच गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की झाकलेलं उघड होतं.

याआधीचा धक्का २००० साली बसला होता, देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हा. शिसं विषारी, ते गेलं हे योग्यच. पण जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठकीला तेच शिसं आधार देत होतं. ते गेल्यावर सतत जोरात पळवलेल्या इंजिनात बैठक झिजून व्हॉल्व्ह आत धसतो, टॅपेटची फट बुजत जाते. उपाय म्हणजे हेड कातून कडक धातूच्या रिंगा बसवणं. ट्रॅक्टरच्या आणि पंपाच्या इंजिनांवर हेच काम करणारे हात बेळगाव-कोल्हापुरात जागोजाग आहेत. त्यांच्यासाठी ते रोजचं काम, गाडीमालकासाठी गाडीचं दुसरं आयुष्य.

घाटात पाय उचलू नये

दुरुस्ती झालेली गाडी चालवून बघायला वंटमुरीचा घाट बरा. हेराल्ड आणि जुनी स्पिटफायर यांच्या मागच्या चाकांना एकच आडवी पाटी असते आणि चाकाचा दांडा आतल्या सांध्यापासून झुलतो. सरळ रस्त्यावर गाडी शहाणी. वळणात वेगाने शिरून घाबरून पेट्रोलवरचा पाय उचलला की गाडीचा मागचा भाग वर उठतो, बाहेरचं चाक आत वळतं आणि शेपूट सुटते. १९७० च्या नव्या स्पिटफायरमध्ये ती पाटी सांध्यावर सैल बसवून कंपनीने हा दोष कमी केला. जुन्या गाडीत मात्र वेग वळणाआधीच कमी करायचा आणि वळणात हलका दाब तसाच ठेवायचा, हे चालवणाऱ्यालाच शिकावं लागतं. सहा पदरी रस्त्यावरच्या ट्रकांच्या गर्दीत त्रेसष्ट घोड्यांची गाडी वेगाने कुणालाच हरवत नाही. पण तीत बसलेल्या माणसाला रस्त्याचा उतार, हवेचा दाब, इंजिनाचा श्वास यांचा हिशेब सतत करावा लागतो, आणि तिचं सुख नेमकं त्यातच असतं.

कागदांची सरहद्द

सीमाभागातल्या जुन्या गाडीचा सगळ्यांत कठीण भाग लोखंडाचा नसून कागदाचा. समजा, बेळगावात १९४९ साली एक एम.जी. घेतली गेली आणि ती त्याच घराच्या पडवीत राहिली. तिची नोंद मुंबई प्रांतात. पुढच्या वर्षापासून ते मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. गाडी एक इंच न हलता तिच्या कागदांवरचं राज्य तीनदा आणि शहर एकदा बदललं. मालक वारला, वाटण्या झाल्या, एक भाऊ कोल्हापूरला गेला आणि गाडीही घेऊन गेला, तर ना-हरकत प्रमाणपत्र, दुसऱ्या राज्याचा कर आणि हरवलेलं मूळ पुस्तक. इंजिन सहा महिन्यांत उभं राहतं, फाइल राहीलच असं नाही. म्हणून गाडी घेताना आधी चासीचा आकडा आणि पुस्तकातला आकडा ताडून बघायचा. तो जुळला नाही तर बाकी काही बघू नये.

केंद्र सरकारने २०२१ साली पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग केला. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. ज्यांच्याकडे जुना क्रमांक आहे त्यांना तो ठेवता येतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, आणि ती रोजच्या वापरात नसावी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठी रस्त्यावर आणता येते.

अस्सल कशाला म्हणायचं?

इथे हौशी मंडळींचा जुना वाद उभा राहतो. एका बाजूला म्हणतात, नट-बोल्टसुद्धा मूळ हवा. दुसरी बाजू म्हणते, चालत नसेल तर ते अस्सल कसलं? सागवानाचा सांगाडा, कडक रिंगा घातलेलं हेड, उद्यमबागेत कातलेलं ट्रनियन, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या: यांतलं काय बदल आणि काय दुरुस्ती?

मला कोल्हापूरचं उत्तर पटतं. छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते. मेबॅक कंपनीने झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं केली, आणि १९२१ ते १९४० मध्ये मोटारी बनवल्या त्या अवघ्या १,८०० च्या आसपास. युरोपात अशी गाडी काचेमागे ठेवतील. कोल्हापुरात ती गर्दीतून, सोनं लुटायच्या मुहूर्तावर, हळूहळू चालत येते. एवढ्या गर्दीत मंद गतीने चालणं हीच जुन्या इंजिनाची कसोटी असते, कारण थंड करणारी हवा नसते. ती गाडी येते, म्हणजे तिच्या मागे वर्षभर कुणाचे तरी हात राबतात. तिला तारखेला पोचायचं असतं, म्हणून ते हात शाबूत राहतात.

माझ्या मते अस्सलपणाची मोजपट्टी यातच आहे. जो बदल परत काढता येतो आणि गाडी चालती ठेवतो, तो मूळ भागाचा अपमान नाही. मूळ भाग डब्यात चिठ्ठी लावून ठेवावा, नवा चढवावा. चासी कापू नये, मूळ इंजिन फेकून डिझेल घालू नये. या मर्यादेत इथला प्रत्येक टर्नर त्या गाडीचा सहनिर्माता आहे.

पण हे हात किती दिवस? सूत आणि थाऊ बोलणारी पिढी साठी ओलांडून गेली आहे. त्यांची मुलं हत्तरगीच्या यंत्रांवर किंवा पुण्याच्या कंपन्यांत चांगल्या पगारावर आहेत, आणि त्यांनी लेथवर परत यावं असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय आहे, उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट आहे, आयटीआय आहेत. संगणकावर ड्रॉइंग काढणारी मुलं भरपूर आहेत. मोडक्या तुकड्याला कुठे झीज झाली आणि मूळ माप काय असावं हे ओळखणारी थोडी. पहिल्यांनी दुसऱ्यांच्या शेजारी बसून काही जॉब केले, तर प्रत्येक नगाचं ड्रॉइंग कायमचं राहील, आकसण्याच्या मापासकट, आट्यांच्या कोनासकट.

ते घडवायला कुठल्या योजनेची वाट बघायला नको. गाडीमालकांच्या हातात एक साधा उपाय आहे, तो म्हणजे घासाघीस थांबवायची. ट्रनियन सांगायला जाल तेव्हा एक नव्हे, दोन सांगा, आणि दोन्हींची पूर्ण मजुरी द्या. जॉब बांधायचा वेळ दोघांत वाटला जाईल, मेस्त्रीला परवडेल. पहिला नग मेस्त्रीने करावा, दुसरा त्याच्याकडे शिकणाऱ्या पोराने. पोराचा बिघडला, तरी त्याचे पैसे द्या.